छत्तीस हजार पाचशे

ऑकलंडमध्ये चार मराठी माणसं जमली की आधी पावसाचा विषय निघतो, मग भारताच्या तिकिटांचा, आणि जेवणाची ताटं हातात आली की मॉर्गेजचा. "तुझं कधी येतंय रे रिफिक्सिंगला?" हा प्रश्न आपल्याकडे "मुलगी कितवीत आहे?" इतक्या सहजपणे विचारला जातो. मीही विचारतो. समोरच्याचं उत्तर ऐकून "हं, सध्या एक वर्षाचंच घे" असा सल्लाही गंभीर चेहऱ्यानं देतो. पण मंडळी, आज या स्मरणिकेच्या निमित्तानं कबूल करून टाकतो. २०२३ च्या जानेवारीपर्यंत माझ्या स्वतःच्या कर्जावर व्याज नेमकं कसं लागतं, हे मला कळलेलं नव्हतं. आणि मी इंजिनिअर आहे. ऑफिसात लोक माझ्याकडे एक्सेल शिकायला येतात.

आम्ही घर घेतलं मार्च २०२१ मध्ये, वेस्ट ऑकलंडला. ते दिवस तुम्हाला आठवत असतील. कोविडच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, इथल्या रिझर्व्ह बँकेनं आपला दर ०.२५ टक्क्यांवर आणून ठेवला होता. कर्ज स्वस्त झालं आणि म्हणूनच घरं महाग झाली. दर शनिवारी ओपन होमला चपला काढून दुसऱ्यांच्या बेडरूममधून फिरायचं आणि पुढच्या आठवड्यात लिलावात हरून घरी यायचं, असे आमचे पाच महिने गेले. सहाव्या महिन्यात एक जुनं वेदरबोर्डचं, तीन बेडरूमचं, गॅरेज जरा खोलगट जागी असलेलं घर पदरात पडलं. साठवलेली पुंजी आणि दोघांचं किवीसेव्हर घालून झाल्यावर सात लाख वीस हजार डॉलरचं कर्ज उरलं.

बँकेतल्या बाईंनी त्याचे तीन तुकडे करायला सुचवलं. तीन लाख एका वर्षासाठी २.२९ टक्क्यांनी फिक्स. तीन लाख साठ हजार दोन वर्षांसाठी २.५९ टक्क्यांनी फिक्स. उरलेले साठ हजार फ्लोटिंग, त्याचा दर ४.५ टक्के. दर वाढलेच तर सगळं कर्ज एकदम महाग होणार नाही आणि हातात जास्तीचे पैसे आले तर फ्लोटिंगमध्ये दंड न पडता भरता येतील, असं त्यांनी समजावलं. मी मान डोलावली. माझा एक मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याचं कर्ज तीस वर्षं एकाच दरानं बांधलेलं आहे. त्याला आमचं हे त्रांगडं फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही दरवर्षी परीक्षेला बसता?" उपमा मला अजूनही आवडते.

गाडीत बसल्यावर बायकोनं विचारलं, "तीन कर्जं म्हणजे तीन ठिकाणी व्याज ना? एकापेक्षा जास्त नाही का पडणार?"

मी म्हटलं, "सरासरी काढ की. २.२९, २.५९ आणि ४.५. बेरीज कर, तीननं भाग. तीन पूर्णांक एक काहीतरी येतं. थोडं जास्त पडेल, पण ठीक आहे."

हे उत्तर साफ चुकीचं होतं. पण आत्मविश्वासानं दिलं होतं, त्यामुळे ते आमच्या घरात दोन वर्षं खरं म्हणून नांदलं.

पुढच्या मार्चमध्ये, म्हणजे २०२२ ला, एक वर्षाचा तुकडा मोकळा झाला. तोवर दर चढायला लागले होते. एक वर्षासाठी ३.९९, दोन वर्षांसाठी त्याहून बरंच जास्त. मी स्वस्त तो घेतला. बाजारात भाजी घेतानाही मी तेच करतो. त्या वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मात्र मी पाहिलं नाही.

जानेवारी २०२३ मध्ये बँकेचं पत्र आलं. एक वर्षाचा तुकडा आणि दोन वर्षांचा तुकडा, दोन्ही एकाच महिन्यात, मार्चमध्ये, मोकळे होत होते. तुकडे ज्यासाठी केले होते तीच गोष्ट मी स्वतःच्या हातानं रद्द केली होती. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँक दर वाढवत सुटली होती. (ती वाढ मे २०२३ मध्ये ५.५ टक्क्यांवर जाऊन थांबली आणि ऑगस्ट २०२४ पासून दर उतरायला लागले, पण हे तेव्हा कुणाला माहीत होतं?) पत्रातले दर ६.५९ च्या आसपास होते. मी एक्सेल उघडलं. मोठ्या तुकड्याचा महिन्याचा हप्ता १,४३९ वरून २,२४४. दुसऱ्याचा १,४२२ वरून १,८७७. दोन्ही मिळून महिन्याला १,२६० डॉलर जास्त.

मी ते पत्र छापलं, घराच्या कागदांच्या फाइलमध्ये लावलं आणि फाइल गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. कुणाला सांगितलं नाही.

का सांगितलं नाही? तर त्याच फेब्रुवारीपासून बायकोचा बालवाडी शिक्षिकेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू होणार होता. भारतात ती शिक्षिकाच होती. इथं आल्यापासून आठ वर्षं तिनं एका गोदामाच्या ऑफिसात पावत्या केल्या होत्या. प्रवेश मिळाला होता, नोकरीचा राजीनामा दिलेला होता. मी पत्राविषयी न बोलता तिला आडून आडून सुचवायला लागलो, "एक वर्ष थांबलीस तर? मुलगी जरा मोठी होईल." ती काही बोलली नाही. मला वाटलं तिला पटतंय. तिला वाटत होतं की मला तिनं शिकायलाच नकोय. एकाच घरात दोन माणसं तीन आठवडे अशी राहिली.

याच सुमारास अण्णा, म्हणजे माझे वडील, मिरजेहून सहा महिन्यांसाठी आले. आई २०२१ च्या मे महिन्यात गेली, तेव्हा सीमा बंद होत्या आणि मला जाता आलं नव्हतं. त्यानंतर अण्णा आणि मी पहिल्यांदाच भेटत होतो. विमानतळावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वाळलायस की." बस्स, तेवढंच.

अण्णांनी जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत चौतीस वर्षं कारकुनी केली. संगणक यायच्या आधीची बँक. लेजर म्हणजे मांडीवर घेतलं तर पाय बधिर होईल एवढं पुस्तक. सहामाहीच्या क्लोजिंगला ते रात्री दीड-दोनला घरी यायचे आणि सकाळी बोटांना शाई असायची, एवढंच मला त्यांच्या नोकरीबद्दल माहीत होतं. मी कधी जास्त विचारलंही नव्हतं.

२७ जानेवारीचा तो शुक्रवार आपल्यापैकी कुणीही विसरणं शक्य नाही. दुपारपासून जो पाऊस लागला तो काही थांबेना. संध्याकाळी विमानतळातसुद्धा पाणी शिरल्याच्या बातम्या आल्या. आमच्या गॅरेजमध्ये गुडघ्याच्या खाली पाणी होतं. आमचं तेवढ्यावर निभावलं. ज्यांचं निभावलं नाही अशी दोन कुटुंबं आपल्या मंडळातच आहेत, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. आम्ही खोकी उचलत होतो. अण्णांच्या हाताला नेमकी ती फाइल लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर कपडे वाळवायच्या स्टँडवर बनियन-टॉवेलच्या जागी आमची कर्जाची कागदपत्रं चिमटे लावून टांगलेली. आणि अण्णा चष्मा लावून एकेक कागद वाचत उभे. हे म्हणजे माझ्या पोटातलं स्टँडवर टांगल्यासारखंच होतं.

"काय रे हे? तीन-तीन कर्जं काढलीयस?"

त्यांचा आवाज खाली आला होता. त्यांच्या बँकेत ज्या माणसाच्या नावावर तीन कर्जं असत, तो पहिलं फेडायला दुसरं आणि दुसरं फेडायला तिसरं काढणारा असे. आपला मुलगा तसा निघाला असं त्यांना वाटलं असणार. मी घाईघाईनं सांगितलं, की घर एकच, तारण एकच, कर्जही एकच, फक्त तुकडे तीन आहेत. बँकाच इथं तसं करतात.

"मग व्याज कसं काढतात?"

"ते काढतं बँकेचं सॉफ्टवेअर."

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. लहानपणी गणिताच्या पेपरात कमी मार्क पडले की ते असंच पाहायचे. मग नातीची शाळेची एक वही मागून घेतली, पट्टीनं रेघा मारल्या आणि वर लिहिलं: तारीख, नावे, जमा, शिल्लक, दिवस, गुणाकार. "आम्ही प्रॉडक्ट म्हणायचो," ते म्हणाले. "जेवढी शिल्लक जितके दिवस राहिली, तिचा गुणाकार. सगळे गुणाकार बेरजेत घ्यायचे, दरानं गुणायचं आणि छत्तीस हजार पाचशेनं भागायचं."

"छत्तीस हजार पाचशेच का?"

"शंभर गुणिले तीनशे पासष्ट. दर शेकड्याचा आणि वर्षाचा, म्हणून. रात्री दोन वाजता कोण दोनदा भागत बसणार? एकदाच भागायचं."

फ्लोटिंगच्या तुकड्याचं जानेवारीचं स्टेटमेंट समोर होतं. शिल्लक ५८,२१४ डॉलर. दिवस ३१. गुणाकार अठरा लाख चार हजार सहाशे चौतीस. दर तोवर ७.३९ झालेला. अण्णांनी पेन्सिलीनं लांबलचक भागाकार केला, मला कॅल्क्युलेटर काढू दिला नाही. उत्तर आलं ३६५ डॉलर ३८ सेंट. मग त्यांनी कागदावर बोट ठेवलं. बँकेनं त्या महिन्यात लावलेलं व्याज: ३६५.३८.

माणूस चौऱ्याहत्तर वर्षांचा, पण चेहऱ्यावर असा आनंद की जणू अख्ख्या क्लोजिंगला एक पैशाचाही फरक आला नाही. "एवढं मोठं सॉफ्टवेअर," ते म्हणाले, "पण करतंय तेच की."

त्या सकाळी मी जे शिकलो ते आपल्यापैकी अनेकांना आधीच ठाऊक असेल, त्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद सोडून दिले तरी चालेल. पण गेल्या वर्षभरात मंडळाच्या कार्यक्रमांत जे प्रश्न माझ्या कानावर आले त्यावरून वाटतं की आम्ही एकटेच अडाणी नव्हतो.

पहिलं म्हणजे बायकोचा प्रश्न. अण्णांनी वहीत आधी एका ओळीत सात लाख वीस हजार लिहिले, मग खाली तीन ओळींत तुकडे लिहिले आणि सगळ्यांना मुद्दाम एकच दर लावला. दोन्हीकडे व्याज तेवढंच. "शंभराची नोट मोडली म्हणून कुणी नव्व्याण्णव देतं का? तुकड्यानं काही होत नाही. होतं ते दरानं." मग खरे दर लावले. तीन लाखांवर २.२९ नं वर्षाचे ६,८७०. तीन लाख साठ हजारांवर २.५९ नं ९,३२४. साठ हजारांवर ४.५ नं २,७००. एकूण १८,८९४, म्हणजे सात लाख वीस हजारांवर सरासरी दर २.६२ टक्के. माझं सव्वातीनच्या जवळचं उत्तर कुठल्या कुठे राहिलं. मी साठ हजारांच्या तुकड्याला तीन लाख साठ हजारांच्या तुकड्याएवढाच मान दिला होता.

ओट्याजवळून आवाज आला, "म्हणजे तू तेव्हा गाडीत सांगितलंस ते चूक होतं."

इथे एक सांगायला हवं. बायको एरवी मला अरे-तुरे करते, अण्णांसमोर मात्र आवर्जून "अहो". अण्णांसमोर "तू" आलं याचा अर्थ मला बरोबर समजला.

दुसरं, हप्त्याच्या पोटात काय असतं ते. माझी पक्की समजूत होती की बँक लबाडीनं सुरुवातीच्या वर्षांत व्याज आधी काढून घेते आणि मुद्दल मागे ठेवते. अण्णा हसले. "आधी काढून कशाला घेईल? शिल्लक मोठी आहे म्हणून व्याज मोठं. व्याज गेलं की हप्त्यातलं उरेल ते मुद्दलात." मोठ्या तुकड्याच्या पहिल्या हप्त्यात, २.५९ टक्क्यांना, साधारण ७७७ व्याज होतं आणि ६६२ मुद्दल. आता तोच तुकडा दोन वर्षं फेडून ३,४३,७०० वर आला होता, पण ६.५९ टक्क्यांना त्याच्या २,२४४ च्या हप्त्यात १,८८७ व्याज आणि मुद्दल फक्त ३५७. हप्ता आठशेनं वाढला आणि मुद्दलात जाणारी रक्कम जवळजवळ निम्मी झाली. हे आकडे मी बोलता बोलता सांगून गेलो आणि मग लक्षात आलं की ६.५९ हा आकडा मी अजून कुणाला सांगितलेलाच नव्हता.

"हा दर कुठला?" बायकोनं विचारलं.

अण्णांनी स्टँडवरून शेवटचा कागद काढला. छापलेलं पत्र. वाचलं आणि तिच्या हातात दिलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन्ही मार्चात? एकाच तिथीला घरात दोन लग्नं काढलीस की रे."

तिनं तारीख पाहिली. ९ जानेवारी. त्या दिवशी २८ होती. "म्हणून मला थांब म्हणत होतास," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि पत्राची घडी घालून टेबलावर ठेवली. त्यानंतर घरात जे बोलणं झालं ते इथं छापण्यासारखं नाही, पण त्यात ओरडाआरडा नव्हता. ओरडाआरडा असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं, एवढं सांगतो. अण्णा तेवढ्यात नातीला घेऊन नाल्याचं पाणी किती उतरलं ते पाहायला निघून गेले होते.

संध्याकाळी वही पुन्हा उघडली. या वेळी तिघं बसलो.

अण्णांनी विचारलं, "सेव्हिंगला किती आहेत?"

बावीस हजार होते. त्यांना आम्ही हात लावत नसू. ते पैसे कशासाठी होते हे तिघांनाही ठाऊक होतं, म्हणून कुणी उच्चारलं नाही. २०२१ च्या मे महिन्यानंतर मी ते खातं उघडलं होतं. कधीही, कितीही महाग तिकीट काढून त्याच रात्री निघता यावं म्हणून.

अण्णांनी वहीत बावीस हजारांची ओळ लिहिली. सेव्हिंगवर सव्वातीन टक्क्यांनी वर्षाला ७१५ मिळत होते आणि त्यातले ३३ टक्के करात कापले जात होते, हातात ४७९. त्याच वेळी फ्लोटिंगच्या तुकड्यात तेवढ्याच बावीस हजारांवर ७.३९ नं आम्ही १,६२६ देत होतो. "एका खिशातले पैसे झोपलेत," ते म्हणाले, "आणि दुसऱ्या खिशातून त्यांच्या झोपेचं भाडं भरतोयस." वर्षाला साडेअकराशे डॉलर.

पण ते कर्जात भरून टाका असं ते म्हणाले नाहीत. "हाताशी राहिले पाहिजेत," म्हणाले. मग बायकोलाच आठवलं की तिच्या ऑफिसातली एक बाई ऑफसेट खात्याबद्दल बोलायची. फ्लोटिंगच्या तुकड्याला आपलं खातं जोडायचं. पैसे आपल्याच खात्यात, हवे तेव्हा काढता येतात. पण व्याज लावताना बँक कर्जाच्या शिलकेतून त्या खात्यातली शिल्लक वजा करून उरलेल्यावर लावते. त्यावर करही नाही, कारण ते मिळालेलं व्याज नव्हे, न दिलेलं व्याज. सगळ्या बँका हे देत नाहीत, आमची देत होती. दोन वर्षं देत होती! अण्णांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी लगेच ३१ दिवसांचा हिशेब मांडला: महिन्याला १३८ डॉलर. "रोजची शिल्लक बघतात म्हणजे पगारसुद्धा यातच येऊ दे," ते म्हणाले. "महिनाभर पडून राहील तेवढा राहील. चार दिवस राहिला तरी चार दिवसांचा गुणाकार वाचला."

आणि मग त्यांनी तो विषय काढला ज्यासाठी, मला आता वाटतं, ते मिरजेहून तयारी करूनच आले होते. त्यांच्या नावावर अठरा लाखांची ठेव होती. निवृत्तीचे पैसे. त्याच्या व्याजावर त्यांचं घर चालतं. "मोडून पाठवतो," ते म्हणाले. "मला एकट्याला काय लागतंय?"

आज लिहायला लाज वाटते, पण एक क्षण माझ्या मनात मोठा तुकडा उभा राहिला. अठरा लाख म्हणजे तेव्हाच्या भावानं पस्तीस हजार डॉलर. मी बोलूनही गेलो, "मोठ्या तुकड्यातच टाकायचे, त्याचंच व्याज सगळ्यात जास्त आहे."

बायको म्हणाली, "सगळ्यात जास्त रक्कम आहे. दर फ्लोटिंगचा जास्त आहे." चार तासांत ती माझ्या पुढं गेली होती. "आणि अण्णा, तुमच्या ठेवीला किती टक्के मिळतात?"

"साडेसात. ज्येष्ठांचा दर."

तिनं वही स्वतःकडे ओढली. पस्तीस हजार डॉलर ६.५९ च्या तुकड्यात टाकले तर वर्षाला २,३०० च्या आसपास वाचतात, रुपयांत एक लाख अठरा हजार. फ्लोटिंगमध्ये टाकले तरी एक लाख तेहतीस. अण्णांना ठेवीवर मिळत होते एक लाख पस्तीस हजार, मुदतीआधी मोडल्याचा दंड वेगळाच. तिनं पेन्सिल अण्णांपुढे ठेवली. त्यांनी आकडे पुन्हा एकदा तपासले, अगदी लेजर तपासावं तसे, शेजारी बारीक टिक करत. रुपयाची घसरण वगैरे मी काहीतरी बोलायला लागलो होतो, ते कुणी ऐकलं नाही.

"बसत नाही हिशेबात," शेवटी अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती की खंत, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही. पैसे मिरजेतच राहिले.

गणित समजलं म्हणून १,२६० डॉलरची वाढ एका सेंटनंही कमी झाली नाही, हे सांगितलंच पाहिजे. ती भरावीच लागली. एक गाडी विकली. मधली खोली नाशिकच्या एका विद्यार्थ्याला चौदा महिने भाड्यानं दिली, आणि त्याच्या पोळ्या मी करत असे, नकाशे निघायचे. बँकेनं फोनवर एक सोपा रस्ता सुचवला होता: कर्जाची मुदत २८ वर्षं उरली आहे ती पुन्हा ३० करू, हप्ता कमी होईल. या वेळी मी लगेच हो म्हटलं नाही. एक्सेल उघडलं. मोठ्या तुकड्याचा हप्ता २,२४४ चा २,१९३ होत होता. महिन्याला ५१ डॉलरची सोय आणि दर तोच राहिला असं धरलं तर शेवटपर्यंत पस्तीस हजारांहून जास्त भरणा. आम्ही नाही म्हणालो. ज्यांच्यावर खरोखरच वेळ येते त्यांना हा रस्ता घ्यावा लागतो, त्यात कमीपणा नाही. पण ५१ डॉलरसाठी नको, असं आमचं ठरलं.

दोन्ही तुकडे मार्चमध्ये पुन्हा फिक्स केले, पण तारखा वेगळ्या ठेवून. लहान अठरा महिन्यांसाठी, मोठा दोन वर्षांसाठी. म्हणजे एक सप्टेंबरला मोकळा होणार आणि दुसरा मार्चला. हे अण्णांनी सुचवलं. त्यांच्या डोक्यात सहामाही आणि वार्षिक क्लोजिंग होतं. त्यामुळे पुढं आम्हाला फायदाच झाला. दर उतरायला लागले तेव्हा आमचा एक तुकडा सप्टेंबर २०२४ मध्ये आणि दुसरा मार्च २०२५ मध्ये मोकळा झाला, आणि दोन्ही वेळा हप्ता कमी होत गेला. यात हुशारी कुठली, नशीबच. दर वर जात राहिले असते तर हाच लेख मी वेगळ्या सुरात लिहिला असता, किंवा लिहिलाच नसता.

बायकोनं पदविका डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण केली. फेब्रुवारीत नोकरी लागली. बँकेची पत्रं आता तिच्या ईमेलवर येतात. हा बदल कुणी सुचवला, कधी केला, याची चर्चा आमच्या घरात झालेली नाही.

अण्णा जुलैमध्ये परत गेले. जाताना वही इथंच ठेवून गेले. दर महिन्याला व्हॉट्सअ‍ॅपवर बोलताना तब्येत, पाऊस, शेजारी हे झालं की विचारतात, "शिल्लक किती?" त्यांना आकडा नीट लागतो, "साधारण" चालत नाही. हल्ली हे काम मुलीकडे आहे. ती बारा वर्षांची झाली आहे, रेघा ती आता पट्टी न लावता मारते, त्यावर आजोबांची नापसंती आहे.

२०२५ च्या सप्टेंबरचं स्टेटमेंट आलं तेव्हा तिनं फ्लोटिंगचा गुणाकार केला, छत्तीस हजार पाचशेनं भागलं आणि चिडून माझ्याकडे आली. बँकेचं चुकलं आहे, म्हणाली. तिचं व्याज बँकेपेक्षा जास्त येत होतं. मीही दोनदा करून पाहिलं, मलाही फरक सापडेना. शेवटी मिरजेला फोन लावला. तिकडे सकाळचे सहा वाजले होते, अण्णा उठलेले होतेच. तिनं वही कॅमेऱ्यासमोर धरली. अण्णांनी चष्मा शोधला, लावला, फोन डोळ्यांजवळ नेला. आम्हाला फक्त त्यांचं कपाळ दिसत होतं.

"बाळा," कपाळातून आवाज आला, "सप्टेंबर किती दिवसांचा असतो?"